शर्यतीची बहिःस्थ एंजिने

नौकेच्या वरामाच्या (मागील टोकाच्या) फळीला बाहेरून अडकविता येणाऱ्या व हवे तेव्हा काढून घेता येणाऱ्या एंजिनाला बहिःस्थ एंजिन म्हणतात. एंजिन, त्याखालचा उभा दंड, दंतचक्रपेटी आणि पाण्यात फिरणारा पंखा हे सर्व एकाच घटकात बसविलेले असल्यामुळे संपूर्ण घटक डावीउजवीकडे वळविला की नौकाही वळते आणि वेगळ्या सुकाणूची गरज राहत नाही. मासेमारी, प्रवास व हौशी जलविहार यांसाठी ही एंजिने जगभर वापरली जातात. त्यांत फेरफार करून, किंवा केवळ वेगासाठी मुळापासून नवी एंजिने घडवून, नौकाशर्यती खेळण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर रूढ झाला. या प्रघातातून द्विधावी (दोन धावांच्या) एंजिनासंबंधीचे पुष्कळसे व्यावहारिक ज्ञान निर्माण झाले. त्यातील बरेचसे विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत नव्हे, तर नदीकाठच्या छपरांत आणि वितळजोडकाम करणाऱ्यांच्या कर्मशाळांत जमा झाले, ही गोष्ट तंत्रविद्येच्या इतिहासात लक्षणीय आहे.

उगम : फ्रेंच संशोधक ग्यूस्ताव्ह त्रूव्हे (१८३९—१९०२) यांनी १८८१ मध्ये सेन नदीवर विजेच्या चलित्राने होडी चालवून दाखविली. चलित्र सुकाणूच्या माथ्यावर व पंखा सुकाणूतच बसविलेला असून हा सर्व भाग होडीपासून सुटा करता येत असे. बहिःस्थ एंजिनाची मूळ कल्पना अशी विजेच्या रूपात प्रथम आली. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ मध्ये डिट्रॉइटजवळ पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाची चाचणी घेतली व १९०७ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. व्यापारी यश मात्र नॉर्वेत जन्मलेल्या व मिलवॉकी येथे स्थायिक झालेल्या ओली एव्हिनरूड (१८७७—१९३४) यांना लाभले. १९०९ मध्ये विक्रीस आलेले त्यांचे एंजिन एका सिलिंडरचे, दीड अश्वशक्तीचे व सुमारे २८ किग्रॅ. वजनाचे होते. तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून दमल्यामुळे त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. ती कितपत खरी आहे यापेक्षा, वल्ही मारण्याचे कष्ट वाचविणे एवढाच या यंत्राचा आरंभीचा हेतू होता, हे तिच्यावरून कळते.

वेगाचा विचार पहिल्या महायुद्धानंतर पुढे आला. १९२१ च्या सुमारास एव्हिनरूड यांनी ‘एल्टो’ या नावाने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा भरपूर वापर केलेले दोन सिलिंडरांचे हलके एंजिन बाजारात आणले. त्याच सुमारास इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील जॉन्सन बंधूंचे दोन अश्वशक्तीचे व सु. १६ किग्रॅ. वजनाचे एंजिन विक्रीस आले. या दोन निर्मात्यांमधील चढाओढ शर्यतींना पोषक ठरली. एंजिन हलके झाल्यामुळे सपाट बुडाची छोटी होडी पाणी कापण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठावर उचलली जाऊन घसरत जाऊ लागली. अशा अवस्थेत पाण्याचा रोध एकदम कमी होतो, म्हणून शक्तीतील थोड्याशा वाढीचाही वेगावर मोठा परिणाम दिसतो. अधिक शक्तीसाठी एंजिनात हात घालण्याचा मोह यांत्रिकांना होण्याचे हे मुख्य कारण होय. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हडसन नदीवर ऑल्बनी ते न्यूयॉर्क अशा लांब पल्ल्याच्या शर्यती होऊ लागल्या होत्या.

वर्गवारी : एंजिनाचे आकारमान मोठे केले, की शक्ती वाढते, त्यामुळे निर्बंध नसतील तर शर्यत पैशाची होते. हे टाळण्यासाठी एंजिनांचे वर्ग सिलिंडरांच्या एकूण घनफळावरून ठरविण्यात आले. अमेरिकेतील जुन्या वर्गवारीत ए, बी, सी, डी व एफ या वर्गांच्या मर्यादा अनुक्रमे १४, २०, ३०, ४० व ६० घन इंच (सु. २३०, ३२८, ४९२, ६५५ व ९८३ घ. सेंमी.) होत्या. यूरोपात १९२२ मध्ये ब्रूसेल्स येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार १२५, १७५, २५०, ३५० व ५०० घ. सेंमी. असे वर्ग पुढे रूढ झाले. जॉन्सन कारखान्याची केआर, एसआर व पीआर ही खास शर्यतीची एंजिने आणि ‘फोर-सिक्स्टी’ हे एल्टो-एव्हिनरूड गटाचे साठ घन इंचांचे चार सिलिंडरी एंजिन १९३० नंतरच्या दशकात या वर्गांत गाजली. १९२९ मध्ये एव्हिनरूड, एल्टो व लॉकवुड या कंपन्या एकत्र आल्या होत्या. १९३६ पर्यंत जॉन्सनही त्यांच्यात विलीन झाली.

घनफळ बांधून दिल्यावर त्याच घनफळातून अधिक शक्ती कशी मिळवायची, एवढाच प्रश्न उरला. शर्यतीच्या एंजिनाचा पुढील सर्व इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत.

फेरफारांची तत्त्वे : महाराष्ट्रातील वाचकाला द्विधावी एंजिनाची ओळख स्कूटरमुळे झालेली आहे. पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार झालेल्या बजाज स्कूटरमध्ये अनेक वर्षे पेट्रोलात वंगण तेल मिसळून घालावे लागे, ते याच प्रकारच्या एंजिनामुळे. या एंजिनात झडपांची यंत्रणा नसते. दट्ट्या वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे स्वतःच उघडतो व झाकतो. खाली येणारा दट्ट्या प्रथम निष्कास द्वार उघडतो, जळालेले वायू बाहेर पडू लागतात. मग संक्रमण द्वारे उघडून भुजाकोशात दाबले गेलेले ताजे मिश्रण वर येते. दोन्ही द्वारे काही काळ एकाच वेळी उघडी असल्याने ताज्या मिश्रणाचा काही अंश न जळताच बाहेर निसटतो. हा या एंजिनाचा जन्मजात दोष आहे आणि शर्यतीचा यांत्रिक त्याच्याशीच झुंजत असतो.

सर्वांत सोपा फेरफार कानशीने होतो. निष्कास द्वाराची वरची कड थोडी उंचावली, की ते लवकर उघडते व जास्त काळ उघडे राहते. त्यामुळे वरच्या फेऱ्यांत शक्ती वाढते; पण कमी फेऱ्यांत एंजिन मंद पडते. एक मिलीमीटरचा फरक एंजिनाचा स्वभाव पालटून टाकतो आणि घासलेला धातू परत लावता येत नाही. म्हणून अनुभवी यांत्रिक आधी अंशमापकाच्या चकतीने द्वारांच्या उघडझापीचे कोन मोजून घेतो, मगच कानस हातात धरतो. सिलिंडराचे टोपण घासून संपीडन गुणोत्तर वाढविणे, संक्रमण मार्ग गुळगुळीत व समान करणे, दट्ट्या व संयोगदांडा हलके करून त्यांची वजने जुळविणे, भुजादंडाचे संतुलन साधणे, मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर बसविणे, ठिणगीचा क्षण पुढे-मागे करणे ही कामे त्यानंतर येतात. जेथे नियमांनी फेरफार निषिद्ध आहेत, तेथेही चतुर यांत्रिक कारखान्याने दिलेल्या मापांच्या मुभेतील सर्वांत अनुकूल टोकाला प्रत्येक भाग आणून ठेवतो. ही कष्टाची परंतु वैध युक्ती होय.

शिसक्षम खोटेपणा आणि वैध युक्ती यांतील सीमा मात्र नेहमीच धूसर राहिली. शर्यत संपल्यावर विजेत्याचे एंजिन उघडून मापे घेण्याची पद्धत याच कारणाने पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कारखान्यातून आली तशी एंजिने, फेरफार केलेली एंजिने व मद्यार्क जाळणारी खास शर्यतीची एंजिने असे वेगवेगळे विभाग झाले.

शर्यतीच्या खास विभागात पेट्रोलऐवजी मिथिल अल्कोहॉल वापरले जाते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते, तर मिथिल अल्कोहॉलाला साडेसहाच भाग लागते. म्हणून प्रत्येक आवर्तनात दुपटीहून अधिक इंधन द्यावे लागते. त्याची बाष्पनाची उष्णता पेट्रोलच्या सु. तिप्पट असल्याने आत येणारे मिश्रण थंड व दाट होते, दट्ट्याचा माथा वितळण्याचा धोका घटतो आणि संपीडन आणखी वाढविता येते. या इंधनात खनिज तेल नीट मिसळत नाही, एरंडेल मात्र सहज विरघळते. त्यामुळे वंगणासाठी एरंडेलच वापरण्याचा रिवाज पडला. एकेकाळी शर्यतीच्या धक्क्यावर त्याचा उग्र गोडसर वास दरवळत असे. एरंडेलाचे सर्वांत मोठे उत्पादन भारतात होते, हे येथे सांगण्यास हरकत नाही.

निष्कास नळी : द्विधावी एंजिनाच्या शक्तीत खरी क्रांती निष्कास नळीच्या आकाराने झाली. निष्कास द्वार उघडताच दाबाची एक लाट नळीतून सु. ५०० मी. प्रतिसेकंद वेगाने पुढे जाते. नळी जेथे रुंदावत जाते तेथून विरळ दाबाची लाट परत फिरते व सिलिंडरातील उरलेले वायू ओढून घेते. पुढे नळी जेथे निमुळती होते तेथून जास्त दाबाची लाट परतते व बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. द्वार बंद होण्यापूर्वी नेमकी ही दुसरी लाट पोहोचली पाहिजे. मिनिटाला १०,००० फेरे असता एका फेऱ्याला ६ सहस्रांश सेकंद लागतात. द्वार १९० अंश उघडे राहत असेल, तर हा काळ सु. ३·२ सहस्रांश सेकंद होतो आणि लाटेच्या जाण्यायेण्याच्या हिशेबाने द्वारापासून परावर्तक शंकूपर्यंतचे अंतर सु. ८० सेंमी. येते. ६,००० फेऱ्यांना तेच अंतर सु. १३० सेंमी. लागते. म्हणजे एका लांबीची नळी एकाच फेऱ्याच्या पट्ट्यात उपयोगी पडते. यावर शर्यतवीरांनी काढलेला तोडगा कल्पक आहे. त्यांनी नळीचे दोन भाग एकमेकांत सरकणारे केले आणि वळणावर वेग मंदावला की नळी लांब व सरळ मार्गावर आखूड करण्याचे काम चालकाच्या हाती दिले. गुडघ्यांवर बसून, एका हाताने सुकाणू सांभाळत, लाटांवर आदळणाऱ्या होडीत हे करावे लागे.

या लाटांचा पद्धतशीर अभ्यास पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटरसायकल कारखान्याचे अभियंता व्हाल्टर काडेन (१९१९—९६) यांनी १९५० च्या दशकात केला. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ घ. सेंमी. एंजिनाने लिटरला २०० अश्वशक्ती ही मर्यादा गाठली होती. त्या वर्षी त्यांचा चालक एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला व सुझुकी या जपानी कंपनीला मिळाला. त्याच्याबरोबर हे ज्ञानही गेले. त्यापूर्वी आडोल्फ श्न्यूर्ले यांनी १९२० च्या दशकात जर्मनीत शोधलेली, ताजे मिश्रण वळसा घेऊन वर जाईल अशी संक्रमण द्वारांची रचना दट्ट्यावरील उंचवट्याची जुनी पद्धत हळूहळू मागे सारीत होती. शर्यतीच्या बहिःस्थ एंजिनांत या दोन धारा एकत्र आल्या.

निर्माते व यांत्रिक : कार्ल कीकहेफर (१९०६—८३) यांनी १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधील सीडरबर्ग येथे एक मोडकळीस आलेला कारखाना घेतला व त्यातून मर्क्युरी एंजिने निघाली. १९४७ चे त्यांचे ‘लाइटनिंग’ एंजिन कागदोपत्री दहा अश्वशक्तीचे होते. प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक जोर ते दाखवी. पाण्यात कमी रोध करणारी सडपातळ दंतचक्रपेटी जोडून ते शर्यतीत उतरविले गेले आणि सामान्य माणसाला परवडणाऱ्या शर्यतींचे युग सुरू झाले. इलिनॉय राज्यातील क्विन्सी या गावी वितळजोडकामाचा व्यवसाय करणारे ओ. एफ. क्रिस्टनर यांनी मर्क्युरीचा तळभाग ठेवून त्यावर स्वतः घडविलेले सिलिंडर बसविले. १९६० च्या दशकातील त्यांची वळसा-संक्रमणाची एंजिने अमेरिकेतील अनेक वर्गांत अग्रेसर होती. एका गावठी कर्मशाळेने मोठ्या कारखान्याला मागे टाकल्याचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात नाही.

यूरोपात बर्लिनच्या क्यॉनिग कारखान्याला तसेच स्थान होते. डीटर क्यॉनिग यांचे ५०० घ. सेंमी. चे समोरासमोर चार सिलिंडर असलेले, पाण्याने थंड होणारे व फिरत्या चकतीच्या झडपेचे एंजिन इतके आटोपशीर होते, की ते मोटरसायकलीवरही चढले. न्यूझीलंडचा किम न्यूकम याने १९७३ मध्ये त्याच्या साहाय्याने यूगोस्लाव्हियातील जागतिक स्पर्धेची शर्यत जिंकली. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोन येथील अपघातात तो मरण पावला आणि जागतिक क्रमवारीत त्याला मरणोत्तर दुसरे स्थान मिळाले. १९७५ व १९७६ मध्ये जोडगाडीच्या प्रकारातील जगज्जेतेपदही क्यॉनिग एंजिनावर मिळविले गेले. होडीचे एंजिन रस्त्यावर असे यशस्वी होणे विरळाच.

वेगाच्या उच्चांकांवरून या कामाची प्रगती दिसते. ह्यूबर्ट एन्ट्रॉप याने १९५८ मध्ये ताशी सु. १७३·५ किमी. व १९६० मध्ये सु. १९८ किमी. वेग गाठला, १९८९ मध्ये बॉब वॉर्टिंगर याने सु. २८४ किमी. पर्यंत मजल मारली. यात एंजिनाइतकाच पंख्याचा वाटा असतो. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या ४० सेंमी. अंतरालाच्या पंख्याने, पाणी घन असते तर, होडी ताशी १४४ किमी. वेगाने जाईल, पाणी मागे सरकत असल्यामुळे प्रत्यक्षात त्यातून सु. दहा टक्के वजा करावे लागतात. शर्यतीचा पंखा अर्धा पाण्याबाहेर राहील इतक्या उंचीवर एंजिन बसवितात. पात्याची मागची कड हातोडीने किंचित वळविणे हे आजही हाताच्या अंदाजाने होणारे काम आहे.

जपानमधील प्रयोग : यांत्रिकाच्या कौशल्याला सार्वजनिक खेळाचे रूप जपानने दिले. १९५१ च्या कायद्यानुसार एप्रिल १९५२ मध्ये नागासाकी प्रांतातील ओमुरा येथे पैज लावून पाहण्याच्या मोटरबोट शर्यती सुरू झाल्या. आज अशी २४ केंद्रे आहेत. सहा होड्या ६०० मी. च्या तीन फेऱ्या मारतात. यामातो कंपनीची दोन सिलिंडरी, सु. ४०० घ. सेंमी. ची एंजिने केंद्राच्या मालकीची असून ती चालकांना चिठ्ठ्या टाकून वाटली जातात. चालकाने हाती आलेले एंजिन ठरलेल्या मर्यादेत स्वतः जुळवून घ्यावयाचे असते. पूर्वी चालक स्वतःचा पंखा बरोबर आणीत. २०१२ पासून तोही एंजिनाबरोबरच दिला जाऊ लागला. प्रेक्षक पैज लावताना चालकाबरोबर एंजिनाचीही मागील कामगिरी पाहतात. फेरफारांना मोकळीक देणारी अमेरिकी पद्धत आणि सर्वांना सारखे साधन देऊन केवळ जुळणीला वाव ठेवणारी जपानी पद्धत यांपैकी खेळ म्हणून दुसरी अधिक न्याय्य आणि तंत्रविद्येच्या दृष्टीने पहिली अधिक फलदायी ठरली आहे.

मोठ्या नौका व अपघात : इटलीतील मोलिनारी कुटुंबाने दोन बाजूंच्या तरंडांमधून हवा कोंडून होडीला उचलणारी बोगदेवजा रचना प्रगत केली. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉर्म्युला वन’ जागतिक स्पर्धेचा पहिला विजेता रेनातो मोलिनारी हाच होता. साडेतीन लिटर घनफळाच्या आठ सिलिंडरी एंजिनांनी त्या वेळी वेग इतका वाढविला, की हवेवर चढलेली होडी क्षणात उलटू लागली. १९८४ च्या हंगामात चालकांचे बळी गेल्यावर ब्रिटिश चालक क्रिस हॉजेस याने तयार केलेली, होडी फुटली तरी चालकाभोवती अभंग राहणारी कुपी पुढे सक्तीची झाली. अधिक वेगाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न एंजिन जुळविणाऱ्यांनी तोवर फारसा विचारला नव्हता. नंतर या स्पर्धेत अडीच लिटरची सहा सिलिंडरी द्विधावी मर्क्युरी एंजिने दीर्घकाळ वापरली गेली. मिनिटाला सु. १०,००० फेऱ्यांना ती ४०० अश्वशक्तीच्या जवळपास जात.

द्विधावी एंजिनाची पीछेहाट : न जळालेले इंधन व तेल पाण्यात आणि हवेत सोडणाऱ्या जुन्या द्विधावी एंजिनांवर अमेरिकेने १९९६ मध्ये निर्बंध घोषित केले व ते पुढील दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने कडक झाले. सिलिंडरात थेट इंधन फवारण्याचा उपाय एव्हिनरूड-जॉन्सन गटाने योजला. परंतु त्याची प्रारंभीची एंजिने सदोष निघाली आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. नव्या मालकांनी चालविलेले एव्हिनरूड एंजिनांचे उत्पादनही २०२० मध्ये बंद झाले. फॉर्म्युला वन स्पर्धेतही आता आठ सिलिंडरी चतुर्धावी एंजिने आली आहेत. त्यांचे नियंत्रण संगणकाकडे असल्याने कानशीला वाव उरलेला नाही. जुनी मद्यार्क-एंजिने जतन करणारे हौशी गट टिकून आहेत, तथापि सुटे भाग घडविणारे कारागीर वृद्ध होत चालले असून त्यांचे ज्ञान बव्हंशी अलिखित आहे.

भारतातील स्थिती : भारतात फेरफारित बहिःस्थ एंजिनांची परंपरा रुजली नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा १९२८ पासूनचा ‘रेगाटा’ वल्ह्यांचा आहे. लोहमार्गाने घोरावाडी-तळेगावच्या पुढे घाटमाथ्यावर लोणावळ्यास १९४५ मध्ये स्थापन झालेल्या, आता आयएनएस शिवाजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नौदलाच्या केंद्रात सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण समुद्रापासून दूर, डोंगरात दिले जाते; पण त्याचा रोख युद्धनौकांच्या यंत्रसामग्रीवर आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या मोठ्या होड्यांचे यांत्रिकीकरण मुख्यतः आतल्या डीझेल एंजिनांनी झाले. केरळात मात्र १९८० नंतर लहान होड्यांवर रॉकेलवर चालणारी बहिःस्थ एंजिने झपाट्याने पसरली. पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर नेण्याची रीत तेथील मच्छीमारांच्या अंगवळणी पडली. हेही एक प्रकारचे जुळणीशास्त्रच, फक्त त्याचा हेतू वेग नसून इंधनखर्चातील बचत हा आहे. मुंबईत २००४ मध्ये फॉर्म्युला वन नौकाशर्यत झाली. ३ ते ५ मार्च २०१७ या काळात मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या शर्यतीत सर्व नौका एकाच बनावटीच्या व २५० अश्वशक्तीच्या एकसारख्या बहिःस्थ एंजिनांच्या होत्या. त्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे, कृष्णा नदीच्या पात्रात, फॉर्म्युला वन स्पर्धेची भारतातील दुसरी शर्यत झाली.